पायाखालची सळई

ट्रकला अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठराविक वाक्य छापून येते : 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने'. ताबा सुटला म्हणजे नेमके काय सुटले, हे सहसा कोणी विचारीत नाही. दारू प्यायला असेल, डुलकी लागली असेल, असे म्हणून लोक मोकळे होतात. ड्रायव्हर बिचारा जिवंत असला तर मान खाली घालून बसतो आणि मेला असला तर प्रश्नच मिटला. परंतु कधी कधी ताबा सुटतो तो बोटाच्या पेराएवढ्या एका पिनेमुळे. माझे वडील (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) १९६७ पासून ट्रकवर होते. आधी किन्नर म्हणून आणि नंतर ड्रायव्हर म्हणून. गाडीवरच्या क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तर आबांचे म्हणणे असे, की ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली जी सळई असते तिच्यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असते.

त्या सळईविषयी आज लिहायचे आहे. विषय रुक्ष वाटेल, पण ज्या घरातला मुलगा, नवरा किंवा भाऊ गाडीवर आहे त्या घरातल्या माणसांनी, विशेषतः आयाबहिणींनी, हा मजकूर वाचावा अशी विनंती आहे. यात अवघड असे काही नाही.

आमच्या मळ्यातल्या विहिरीशेजारी १९९३ पासून एक ट्रक उभा होता. १९६२ सालची, नाकवाली टाटा-मर्सिडीज. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १९५४ साली करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. १५ वर्षे, म्हणजे १९६९ पर्यंत, तो करार चालला. तोवरच्या गाड्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. आमच्या गाडीवरही तो होता, एक टोक मोडलेला. इंजिन ३१२ जातीचे. सहा सिलिंडर, ४५८० सीसी, ताकद १०० घोड्यांच्या आसपास. आज रस्त्याने धावणाऱ्या गाड्यांपुढे ही ताकद काहीच नाही. पण याच इंजिनाने लासलगावचा कांदा मुंबईला नेला आणि मुंबईहून खताची पोती आणली. मालकाने ती भंगारात काढली तेव्हा आबांनी आपले राहिलेले पगाराचे पैसे सोडून दिले आणि त्या बदल्यात गाडी आणून उभी केली. आईने तेव्हा आठ दिवस अबोला धरला होता, आणि तिचे काही चुकले होते असे मला आजही वाटत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने २०२३ साली आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा कोर्स पुरा केला. वर्गात ती एकटीच मुलगी. पुढच्या वर्षी सिनेमावाल्यांना जुन्या गाड्या पुरवणारे एक गृहस्थ रस्त्यावरून ट्रक पाहून आत आले. म्हणाले, चालू करून द्या, घेऊन जातो. रक्कम बरी होती. ती सगळी पुतणीला द्यायची, तिने त्यातून हत्यारे घ्यायची आणि रस्त्याला लागून पत्र्याचे छोटे गॅरेज टाकायचे, असे घरात ठरले. मालेगावचे एक म्हातारे मिस्त्री आबांचे जुने दोस्त आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते आठ दिवस मुक्कामाला आले. टाकी उतरवून धुतली, नोझल तपासून आणले, पंप नाशिकच्या पंपवाल्याकडून उघडून घेतला, नळ्या बदलल्या. हे सारे सांगत बसलो तर पान पुरणार नाही.

२०२४ च्या मे महिन्यातल्या एका सकाळी ३१ वर्षांनी इंजिन सुरू झाले. आधी पांढरा धूर, मग काळा, मग मोजून मापून टाकल्यासारखा ठोका. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुतणी स्टिअरिंगवर बसली. पहिल्या गिअरमध्ये तिने गाडी हळूहळू खळ्यात फिरवली. फाटकापाशी थोडा चढ आहे. तिथे गाडी दबू लागली म्हणून तिने एक्सलेटर पूर्ण दाबला. गाडी चढली. तिने पाय उचलला, पण एक्सलेटर वर आलाच नाही! इंजिन ओरडू लागले. गाडी बंद करायचा जो 'स्टॉप'चा दट्ट्या डॅशबोर्डवर असतो तो तिने ओढला, तर दट्ट्या आतल्या तुटक्या वायरीसकट तिच्या हातात आला. समोर माझी वहिनी, म्हणजे तिची आई, कुरडया वाळत घातलेली बाज सावलीला ओढत होती. पोरीने क्लच दाबला, ब्रेकवर उभी राहिली आणि गाडी डाव्या हाताच्या कडब्याच्या गंजीत घातली. चाचा त्या वयातही पळत आले. बॉनेटची एक बाजू उचलून त्यांनी पंपावरची स्टॉपची पट्टी पान्याने मागे दाबली, तेव्हा इंजिन विझले. बंपर आणि बाज यांत दोन हातांचे अंतर राहिले होते. वहिनी रडली नाही. तिने आधी कुरडया झाकल्या आणि मग मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला.

कसाऱ्याच्या घाटातली रात्र

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने तोवर सल्ला देऊन टाकला होता : पेडलला आणखी एक जाड स्प्रिंग बांधा आणि देऊन टाका. शूटिंगमध्ये गाडी किती चालणार आहे? खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. आबा मात्र हटून बसले. म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराच्या पायाखाली ही गाडी अशी द्यायची नाही. दोष सापडला तर देऊ, नाही तर भंगारवाल्याला बोलवा."

मग त्यांनी १९७४ सालची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती आम्ही कधी ऐकली नव्हती. कांद्याची भरलेली गाडी घेऊन ते रात्री कसाऱ्याचा घाट उतरत होते. जुन्या गाडीत उतारावर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो आणि मधे न्यूट्रलमध्ये एक रेस द्यावी लागते. ती रेस त्यांनी दिली, आणि एक्सलेटर तिथेच अडकला. न्यूट्रलमध्ये गाडी, मागे भार, पुढे वळण. त्यांनी ओरडणाऱ्या इंजिनावरच गिअर रेटून बसवला, क्लच सोडला आणि स्टॉप ओढला. इंजिनात डिझेल जायचे थांबले, पण चाके त्याला फिरवीत राहिली, आणि तेच इंजिन आता ब्रेक झाले. किन्नर उडी मारून चाकापुढे दगड टाकत गेला. गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली. खाली उतरून बॅटरीने पाहिले तर सांध्यातली स्प्लिट पिन पडली होती. तिच्या जागी कोणीतरी तारेचा तुकडा वळून घातला होता. त्या तारेचे टोक बाजूच्या पट्टीला अडकले होते. तार कोणी घातली होती? "मीच," आबा म्हणाले. "घोटीला, चहा पिताना. म्हटलं मुंबईला गेल्यावर पिन टाकू."

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्या, डिझेल वाचवतो म्हणणाऱ्या तरुणांसाठी इथे जरा थांबतो. हवेच्या ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे टाकीत उरली असेल तेवढ्याच हवेवर तुमचा जीव. गाडी गिअरमध्ये असली तर चाके इंजिन फिरवतात, इंजिन कॉम्प्रेसर फिरवते. एक्सलेटर अडकला तर गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन मारायचे.

गाल आत जातात ते का

आता यंत्राकडे वळू. पेट्रोलच्या गाडीत एक्सलेटर दाबला की कार्ब्युरेटरमधली गोल झडप उघडते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण जास्त जाते. डिझेलच्या इंजिनात सहसा अशी झडप नसते. तिथे पेडलची सळई थेट डिझेल पंपाच्या गव्हर्नरला जाऊन भिडते. ३१२ इंजिनाची तऱ्हा मात्र निराळी आहे. त्याच्या पंपाला हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर आहे. म्हणून हवा आत येण्याच्या वाटेवर एक गोल फ्लॅप बसवलेला असतो, आणि पेडलच्या सळया जातात त्या फ्लॅपकडे.

हे कसे चालते ते घरातल्या मुलांनाही दाखवता येईल. नळीने सरबत ओढताना नळीचे टोक बोटाने अर्धवट दाबले की आपले गाल आत जातात. फ्लॅप म्हणजे ते बोट, आणि पंपावर बसवलेला डायफ्राम म्हणजे तो गाल. पाय उचलला की फ्लॅप जवळजवळ मिटतो. इंजिन हवा ओढते, पण वाट अरुंद असल्याने ओढ वाढते. ती ओढ एका बारीक नळीतून डायफ्रामपर्यंत जाते, डायफ्राम मागे खेचला जातो, त्याला जोडलेली पंपाची दातेरी पट्टी मागे सरते आणि डिझेल कमी होते. इंजिन 'स्लो'वर येते. पेडल दाबला की फ्लॅप उघडतो, ओढ कमी होते, स्प्रिंग त्या पट्टीला पुढे ढकलते आणि डिझेल वाढते. म्हणजे स्प्रिंग सतत 'दे, दे' म्हणत असते आणि हवेची ओढ 'पुरे' म्हणत असते.

यातून दोन गोष्टी कळतात, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. फ्लॅप पूर्ण उघडा अडकला तर इंजिन ओरडते, पण ठराविक वेगाला पोचले की उघड्या वाटेतूनही ओढ पुरेशी होते आणि गव्हर्नर त्याला तिथे धरून ठेवतो. त्या दिवशी आमचे इंजिन फुटले नाही ते यामुळे. उलट डायफ्राम फाटला किंवा ती बारीक नळी निसटली, तर 'पुरे' म्हणणारा कोणी उरत नाही. मग एक्सलेटरच्या सळया कितीही चांगल्या असोत, इंजिन सुसाट सुटते आणि थांबवले नाही तर स्वतःचे तुकडे करून घेते. म्हणून सळयांना हात लावण्याआधी चाचांनी डायफ्राम तपासायला लावला. स्टॉपची पट्टी मागे दाबायची, हवेच्या नळीचे पंपावरचे तोंड बोटाने घट्ट बंद करायचे आणि पट्टी सोडायची. डायफ्राम धड असेल तर पट्टी जागच्या जागी थबकते, फार तर हळूहळू सरकते. झटक्यात परत आली तर कुठेतरी गळती आहे. आमचा डायफ्राम नवा होता. तो निर्दोष निघाला.

दोघे निर्दोष, एकत्र आले की गुन्हा

मग शोध सुरू झाला. बॅटरीची वायर काढली, चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाचा बॉनेटखाली हात घालून सळई ओढायचे, सोडायचे. प्रत्येक वेळी ती मुकाट्याने परत जायची. रॉकेलने सांधे धुतले, तेल दिले. पुन्हा तेच. कुठेच काही अडकत नव्हते. दुपारपर्यंत मी पुन्हा त्या जाड स्प्रिंगच्या बाजूला झुकलो होतो.

पुतणी म्हणाली, "काका, हाताने तुम्ही अर्धीच सळई ओढता. मी त्या दिवशी पूर्ण दाबला होता." ती वर जाऊन बसली आणि पायाने पेडल जमिनीला टेकवला. आत 'टक' असा बारीक आवाज झाला आणि पेडल तिथेच राहिला. दहा वेळा केले, सात वेळा अडकला. आपल्याकडे कोणताही मिस्त्री गाडी तपासताना खळ्यात उभ्या उभ्या अर्धीच रेस देतो. पूर्ण पाय पडतो तो चढावर, भार असताना, किंवा घाबरल्यावर. म्हणजे दोष नेमका तेव्हाच दिसायचा.

तिने फ्लॅपच्या बाजूचा बॉल जॉइंट सोडला. आता फ्लॅप हाताने फिरवला तर मोकळा. पेडल दाबला तर तोही मोकळा. दोघेही निर्दोष, आणि जोडले की पुन्हा अडकतात! चाचा बिडी पेटवून बाजूला बसले. पोरीने खडू घेतला आणि फरशीवर फ्लॅपचा आर्म आणि सळई यांचे चित्र काढले : पाय वर असताना, अर्धा दाबल्यावर, पूर्ण दाबल्यावर. तिसऱ्या चित्रात आर्म आणि सळई एकाच सरळ रेषेत आले होते.

दाराला कडी कडेला असते म्हणून ओढले की दार उघडते. तेच दार कडेला धरून बिजागरीच्या दिशेने कितीही ढकला, ते फिरणार नाही. आमच्या फ्लॅपचे तेच झाले होते. पेडल पूर्ण दाबला की आर्म सळईच्या रेषेत जायचा. मग पेडलची स्प्रिंग सळईला कितीही ओढो, ती आर्मला त्याच्याच लांबीच्या दिशेने ओढायची, फिरवायची नाही. त्या गॅरेजवाल्याचे ऐकून आम्ही जाड स्प्रिंग बांधली असती तर ड्रायव्हरचा पाय दुखला असता, आणि एक्सलेटर अडकायचा तो अडकलाच असता.

पण कंपनीने गाडी अशी बनवली नसणार. मग हे झाले कसे? रॉकेलच्या चिंधीने पुसले तशी फ्लॅपच्या दांड्याची कहाणी समोर आली. आर्म त्या दांड्यावर क्लॅम्पने आवळलेला असतो. क्लॅम्पच्या बोल्टचे आटे गेले होते. आर्मच्या जुन्या जागेवर दांडा चकचकीत होता आणि नव्या जागेवर गंजका. म्हणजे आर्म कधीतरी घसरून फिरला होता. घसरल्यावर स्लो बिघडला असणार, आणि तो जुळवायला कोणीतरी सळईच लांब केली होती. तिच्या टोकाचे फक्त तीन आटे सांध्यात उरले होते. आणखी एक गोष्ट. आर्मला एक रिकामे भोक होते, कडेने झिजून गुळगुळीत झालेले. परत ओढणारी मूळ स्प्रिंग तिथे होती. ती तुटली तेव्हा नवी स्प्रिंग हात पोचतो तिथे, म्हणजे पेडलला, बांधली गेली. ती फ्लॅपच्या आर्मलाच असती, तर आर्म रेषेत येऊनही तिने त्याला फिरवून मागे आणला असता. किंबहुना मधली सळई तुटून पडली असती तरी फ्लॅप मिटला असता. तीन जणांनी तीन वेळा थोडे थोडे भागवून नेले होते. त्या तिघांत एखाद वेळी आबाही असतील. त्यांनी ते नाकारले नाही.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. आर्म मूळ जागी आणला : अर्धा पेडल दाबल्यावर आर्म आणि सळई यांच्यात काटकोन झाला पाहिजे, ही खूण. म्हणजे दोन्ही टोकांना तो रेषेपासून लांब राहतो. नवा बोल्ट, खाली स्प्रिंग वायसर. मधल्या आडव्या दांड्याचे बुश लेथवाल्याकडून पितळेचे करून आणले. चारही बॉल जॉइंट बदलले. हे जॉइंट ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतात, गोळीचे माप नेऊन दाखवावे. चाचा म्हणत होते दोनच बदला, बाकीचे चालतील. तिने हिशेब मांडला : प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तर पाच सांध्यांत अडीच मिलिमीटर. फ्लॅपचा आर्म ५० मिलिमीटरचा, म्हणजे फ्लॅप सुमारे तीन अंश आपल्या मर्जीने हलणार. उघड्या फ्लॅपला तीन अंशांनी काही होत नाही, पण मिटत आलेल्या फ्लॅपला तेवढ्याने हवेची वाट बरीच बदलते. स्लोवर इंजिन कधी चढते, कधी बसते, ते बऱ्याचदा यामुळे. चाचा म्हणाले, "बेटी, चारों बदल."

इंजिनाखालच्या रबरी पायांपैकी एक फुगून फाटला होता, तोही बदलला. हा सळयांचाच भाग समजावा. पेडल केबिनला असतो, फ्लॅप इंजिनावर. भार पडला की इंजिन एका अंगाला झुकते. रबर गेलेले असले तर ते इतके झुकते की ड्रायव्हरचा पाय स्थिर असूनही सळई ओढली जाते आणि गाडी स्वतःच रेस घेते.

शेवटी जुळवणी. पाय वर असताना आर्म स्लोच्या स्क्रूला टेकला पाहिजे, आणि पेडल खाली टेकतो त्याच क्षणी फ्लॅप पूर्ण उघडला पाहिजे. पेडलखालचा अडवणीचा बोल्ट त्या हिशेबाने वर घ्यावा, नाही तर घाबरलेल्या माणसाच्या पायाचा सगळा जोर बारीक सळईवर जातो. स्लो जुळवायचा तो इंजिन गरम झाल्यावरच. जास्तीत जास्त वेगाचा सील केलेला स्क्रू असतो, त्याला तिने हात लावला नाही. गाडी पळत नाही म्हणून तो फिरवून घेणारे पुष्कळ आहेत. स्प्रिंग मूळ भोकात घातली आणि दुसरी, हलकी, पेडलला ठेवली. प्रत्येक सांध्यात नवी स्प्लिट पिन. ती पायाशी घरंगळली तेव्हा ८० वर्षांचे आबा गुडघे टेकून तिच्यासाठी जमीन चाचपत होते.

स्टॉपची वायर अर्थातच नवी टाकली. खरे तर तीच सर्वांत आधी व्हायला हवी होती. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे करायचे हे पाहणे, एवढी साधी गोष्ट आम्ही चौघे, त्यात दोघे आयुष्यभर गाड्यांत गेलेले, विसरलो होतो. स्टॉपही चालला नाही तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. उभ्या गाडीत बॉनेट उघडता आले तर हवेचे तोंड फळीने झाकावे. हाताने किंवा फडक्याने नाही, कारण ते आत ओढले जाते.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आज एवढेच करून पाहावे : इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावा आणि एकदम सोडावा, दुसऱ्याने खाली बघत राहावे. पायाखालची सतरंजी, तुटके मॅट, पाण्याची बाटली पेडलखाली जात नाही ना, तेही तेव्हाच दिसेल. सळईत तार दिसली तर ती काढून पिन घालावी. नव्या गाड्यांत हे सारे गेले. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या भारत स्टेज सहाच्या ट्रकांमध्ये पेडलपासून वायर निघते आणि काँप्युटर डिझेल किती द्यायचे ते ठरवतो. तिथे खडूने चित्र काढून दोष सापडायचा नाही, पुतणीला आता ते यंत्र वाचायला शिकायचे आहे. परंतु जुन्या सळयांवरच्या गाड्या, ट्रॅक्टर, पाण्याचे टँकर गावोगाव अजून आहेत, आणि त्यांवर बहुधा सर्वांत कमी पगाराचा पोरगा बसलेला असतो.

ठरलेल्या दिवशी गिऱ्हाईक आले. सोबत पंचविशीतला एक ड्रायव्हर होता, नव्या गाड्यांवर शिकलेला. पुतणीने किल्ली दिली नाही. आधी त्याला वर बसवले आणि इंजिन बंद ठेवून दहा वेळा पेडल पूर्ण दाबायला लावला. मग तीन वेळा स्टॉप ओढायला लावला. त्याला ते अपमानास्पद वाटले असावे. त्याने मालकाकडे पाहिले, मालकाने मान हलवली, आणि त्याने निमूटपणे दहा वेळा दाबला. तिने झडझडून मोजले.

गाडी फाटकाचा चढ चढून रस्त्याला लागली. आबा ओट्याच्या कडेला उभे होते. वळणापाशी त्या पोराने गिअर बदलला. रेस वर गेली आणि लगेच खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. आवाज पूर्ण विरेपर्यंत आबा तिथेच थांबले. मग आत येऊन वहिनीला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."